बसतं किती, पेलतं किती

(आकाशवाणीच्या सोलापूर केंद्रावरील भाषणाचा संपादित भाग)



कवीला रेडिओवर बोलवायचं ते पावसावर नाहीतर ईदच्या चंद्रावर बोलायला, असा आपल्याकडे रिवाज आहे. मी आज मालवाहू पिकअप गाडीवर बोलणार आहे. या विषयात माझा अधिकार शून्य. मला सायकलीपलीकडे काही चालवता येत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

झालं असं, की गेल्या उन्हाळ्यात माझ्या थोरल्या बहिणीचा, आपाचा, फोन आला. "पोरगा स्वतःची गाडी घ्यायची म्हणतोय. तू बी.ए. झालायस, कागद वाचता येतात तुला. जरा येऊन बघ." आमच्या खानदानात बी.ए. झालेला पहिला मीच, तेही मराठी विषय घेऊन. मराठीच्या बी.ए.चा आणि गाडीच्या कागदांचा काय संबंध, हे आपाला कोण सांगणार? गेलो.

भाचा सव्वीस वर्षांचा. अठराव्या वर्षापासून दुसऱ्यांच्या गाड्या चालवतोय. खेड्यांतून भाजी, कांदा भरायचा, पहाटे मार्केट यार्डात उतरवायचा, परतीचं भाडं मिळालं तर घ्यायचं, नाही तर रिकामं जायचं. त्याच्यापुढं तीन गाड्या होत्या. एक जुनी, दोन हात फिरलेली फोर-झिरो-सेव्हन. दुसरी छोटा हत्ती. तिसरी नवी कोरी पिकअप. आपानं रुमालात बांधलेल्या दोन बांगड्या माझ्यासमोर ठेवल्या. तिला व्याजाचं वावडं, पोराला हप्त्याची घाई. दोघांच्या मध्ये तो रुमाल. मला त्या रुमालाकडं बघवेना, म्हणून मी गाड्यांची माहितीपत्रकं वाचायला घेतली.

वाचता वाचता मला आमचे अब्बा आठवले. आम्ही बागवान. अब्बा केळी-पेरूचा धंदा करत आणि त्यांच्याकडं एका बैलाचा छकडा होता. माल चढवून झाला की ते दोन्ही हातांनी साटीचा मागचा कड दाबून बघत. मागं भार जास्त झाला तर गाडी उलाळ होते. दांड्या वर उचलतात आणि बैलाचा गळा आवळतो. पुढं जास्त झाला तर सगळं ओझं त्याच्या मानेवर येतं. म्हणून भार चाकांच्या किंचित पुढं ठेवायचा, बैलाला मानेवर जरासा जाणवेल एवढाच. अब्बांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पुढं मला कळलं, की परदेशात लोक गाडीमागं ट्रेलर जोडून ओढतात, तिथंही हाच नियम आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहावा-सातवा हिस्सा जोडणीच्या आकड्यावर यावा लागतो. तो आला नाही तर ट्रेलर मागं शेपटीसारखा हलायला लागतो. आमच्या बैलाला हे न शिकवता ठाऊक होतं.

आता 'टेम्पो' या शब्दाचं बघा. मराठी माणूस छोट्या मालगाडीला सर्रास टेम्पो म्हणतो. १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी निघाली, जर्मनीतल्या टेम्पो नावाच्या कंपनीशी करार करून. तिची तीन चाकी गाडी गावोगाव गेली आणि कंपनीचं नाव गाडीच्या जातीला चिकटलं. २००५ मध्ये कंपनीनं आपलं नाव फोर्स मोटर्स केलं. लोकांनी काही आपला शब्द बदलला नाही. संगीतात टेम्पो म्हणजे लय. सोलापूरच्या रस्त्यावरून खडखडत जाणाऱ्या त्या तीन चाकी गाडीला लय म्हणावं की नाही, हा वादाचा विषय आहे. पण भाषेनं असे विनोद करून ठेवलेले असतात. मग आली मॅटाडोर. १९८६ साली टाटांची ४०७ आली. त्या सुमाराला जपानी कंपन्यांशी हातमिळवणी केलेल्या चार-चार कंपन्यांच्या हलक्या मालगाड्या बाजारात होत्या. त्या सगळ्यांना ती पुरून उरली. २००५ च्या मे महिन्यात टाटा एस आली. दोन सिलिंडरचं, सातशे सीसीचं इंजिन आणि भार पाऊण टनाच्या आसपास. लोकांनी तिला छोटा हत्ती म्हटलं. गल्लीबोळात शिरणारी चार चाकं लहान व्यापाऱ्याच्या आवाक्यात आली ती तेव्हापासून. ही नावं मी इतिहास म्हणून घेतली. भाच्यानं शेवटी कुठल्या कंपनीची गाडी घेतली ते सांगणार नाही. आकाशवाणीवर फुकट जाहिरात नको.

दुसऱ्या दिवशी पहाटे भाचा मला हैदराबाद रोडच्या सिद्धेश्वर मार्केट यार्डात घेऊन गेला. कांद्याच्या हंगामात ते यार्ड बघावं. गाड्यांच्या रांगा, हमालांच्या हाळ्या, आणि वासानं डोळ्यांत पाणी. तिथं उभं राहिलं की २०२३ च्या फेब्रुवारीतली गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. बार्शी तालुक्यातला एक शेतकरी सुमारे सत्तर किलोमीटरवरून दहा पिशव्या कांदा घेऊन इथं आला होता. वजन भरलं ५१२ किलो. भाव मिळाला किलोला एक रुपया. गाडीभाडं, हमाली, तोलाई असे ५०९ रुपये ५० पैसे कापले गेले आणि त्याच्या हातात दोन रुपयांचा चेक पडला. देशभर बातमी झाली. लोक भावावर बोलले आणि ते बरोबरच होतं. पण भाच्यानं मला त्या बातमीतली दुसरी बाजू दाखवली. म्हणाला, "मामू, पाचशे बारा किलो म्हणजे छोटा हत्तीसुद्धा भरत नाही. गाडी अर्धी आली तरी डिझेल पूर्ण जळतं. शेजारच्या दोघांचा माल एकत्र आला असता तर भाडं वाटून गेलं असतं." भाव हातात नसलेल्या माणसाच्या बाजूनं निदान भाडं तरी असावं, हा त्याचा मुद्दा. स्वतःची गाडी त्याला त्यासाठी हवी होती. एका गावच्या चार घरांचा माल ठरलेल्या दिवशी गोळा करायचा. दुसऱ्याच्या गाडीवर असताना तो हे ठरवू शकत नव्हता.

मग गाडी केवढी घ्यायची? आमच्याकडं गाडी घेताना पहिला प्रश्न असतो, "हौद्यात किती बसतं?" मीही तोच विचारला. भाचा हसला. "मामू, बसतं किती आणि पेलतं किती, यात फरक आहे." मराठीत दोन वेगळी क्रियापदं आहेत आणि ती मला एका ड्रायव्हरनं समजावून सांगावीत! चुरमुऱ्याची पोती हौदा भरून, वर दोर मारून नेली तरी गाडीला पत्ता लागत नाही. आपल्या सोलापुरी चादरी अन् टॉवेलांचे गठ्ठे जरा वजनदार. कांदा त्याहून जड. आणि पाणी तर फसवतंच. हजार लिटरची टाकी हौद्यात एका कोपऱ्यात बसते, पण तिच्यातलं पाणी एक टन भरतं. दोन हजारांची टाकी ठेवली की बहुतेक पिकअपांचा दम संपला, आणि हौदा दिसायला अजून अर्धा रिकामाच! शिवाय टाकी अर्धी भरलेली असेल तर वळणावर आतलं पाणी डचमळतं आणि गाडीला आपल्याकडं ओढतं.

पेलतं किती ते आर.सी. बुकात लिहिलेलं असतं. ड्रायव्हर लोक त्याला 'पासिंग' म्हणतात. दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन. दुसऱ्यातून पहिला वजा केला की भार निघतो. इथं माझं बी.ए. कामाला आलं. कायद्यातली व्याख्या वाचली. रिकाम्या वजनात ड्रायव्हर आणि सोबतचा माणूस धरत नाहीत. म्हणजे ते त्या भारातूनच वजा करायचे. आम्ही जी पिकअप बघत होतो तिचे आकडे होते २९८० आणि १६८०. भार १३०० किलो. भाचा ६२ किलोचा. मी ८२ किलोचा. ताडपत्री, दोर, अवजारं धरली की १६० किलो गेले. उरले ११४०. पन्नास किलोच्या बावीस पिशव्या. मी घरी बसलो असतो तर आणखी दोन बसल्या असत्या, किंवा भाच्याच्या भाषेत, पेलल्या असत्या.

आणखी एक गोष्ट मला माहीत नव्हती. भरलेलं वजन तीन हजार किलोंच्या आत असेल तर मोटार वाहन कायद्यानुसार त्या मालगाडीला परवाना काढावा लागत नाही. फिटनेस, विमा, हे बाकी सगळं लागतंच. हे बघताना जुन्या ४०७ चा विषय मागं पडला. तिचा भार दोन टनांच्या वर, किंमतही आवाक्यातली, पण परवाना आला, आणि आठ वर्षं उलटलेल्या मालगाडीला फिटनेस दर वर्षी काढावा लागतो. त्यात तिच्या पाट्यांकडं बघून मला संशय आला. मिस्त्री अभिमानानं सांगत होता, "दोन पानं जादा टाकलीत, कितीही भरा, बसणार नाही." भाच्यानं मला बाजूला नेलं. पाट्याची पानं वाढवली की गाडी खाली दबत नाही एवढंच. ब्रेक तेवढेच राहतात, ॲक्सल तोच, चेसिस तीच, टायर तेच. गाडी दबत नाही म्हणून माणूस आणखी भरतो. सोलापूरचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. पारा चाळिशीच्या वर, डांबर तापलेलं, त्यात जादा भाराखाली चेपलेला टायर आतून तापतो आणि फुटतो.

हे तो पुस्तकात वाचून बोलत नव्हता. तीन वर्षांपूर्वी तो एका मालकाची पिकअप घेऊन तुळजापूरकडून सोलापूरला येत होता. टोमॅटोची कॅरेटं होती, आणि त्यावर मालकानं कुणाच्या तरी सिमेंटच्या पिशव्या चढवल्या होत्या, "जागा आहे" म्हणून. घाट उतरताना ब्रेक तापले. आधी करपल्याचा वास आला, मग पायाखालचं पॅडल मऊ होत गेलं. जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनलाच गाडी अडवू द्या. तो तसाच उतरत होता. पण भार गाडीच्या ताकदीबाहेरचा. शेवटी त्यानं गाडी डोंगराच्या बाजूच्या चरात घातली. बरोबरचा पोरगा खिडकीवर आपटला, कपाळाला चार टाके पडले. टोमॅटोचा रस्त्यावर चिखल झाला. मालकानं टोमॅटोचे पैसे याच्या पगारातून तीन महिने कापले. घरी त्यानं आपाला सांगितलं, टायर पंक्चर झाला होता. खरं काय ते मला त्या दिवशी यार्डात, चहाच्या टपरीवर कळलं. मी आपाला अजून सांगितलेलं नाही. ती रेडिओ ऐकते, म्हणजे आता कळेल.

कायद्यात जादा भाराला २०१९ च्या दुरुस्तीनं वीस हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार असं ठरवलं आहे. त्या टोमॅटोच्या हिशेबापुढं मला तो आकडा फार मोठा वाटत नाही.

लायसनची चिंताही मिटली. भाच्याकडं हलक्या वाहनाचं लायसन. मालगाडीला वेगळी नोंद हवी की नको, यावर विम्याचे खटले वर्षानुवर्षं चालले. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाल दिला, की एकूण वजन साडेसात हजार किलोंच्या आत असलेली मालगाडी त्या लायसनवर चालवता येते.

मी भाच्याला एकच काम लावलं. ते मास्तरी काम होतं, त्याला आवडलं नाही. पंधरा दिवस एक वही करायला सांगितली. रोज काय भरलं, किती वजन, कुठून कुठं, परत येताना काय. काट्यावर गाडी रिकामी आणि भरलेली, दोन्ही वेळा चढवायची. वही आली. पंधरा दिवसांत सहा दिवस माल सातशे किलोंच्या आत. सात दिवस नऊशे ते अकराशेच्या दरम्यान. दोन दिवस दोन टनांच्या जवळ, एकदा सिमेंट, एकदा पाण्याची टाकी. आणि अकरा दिवस परत येताना गाडी रिकामी. ती वही बघून आम्ही दोघं गप्प बसलो. गाडी घेताना माणसाला ते दोन दिवस आठवतात, दोन टनांचे. कर्ज मात्र त्या अकरा रिकाम्या परतींवर फेडायचं असतं.

छोटा हत्ती त्या सात दिवसांना कमी पडत होता. ४०७ फक्त त्या दोन दिवसांसाठी लागली असती, आणि ती तर भाड्यानंही मिळते. तेरा दिवस पिकअपमध्ये बसत होते. माफ करा, पेलत होते. विक्रेत्यानं सीएनजीचाही आग्रह धरला. इंधन स्वस्त पडतं खरं, पण सिलिंडरांचंही वजन असतं आणि भाच्याच्या खेड्यांच्या वाटेवर पंप नाही. शहरातल्या शहरात फिरणाऱ्यानं त्याचा, किंवा विजेवरच्या गाडीचा, विचार जरूर करावा.

मध्येच एक मोह आला. एका ओळखीच्या ठेकेदारानं सांगितलं, "पिकअपच्या मागं आकडा लावून घे. माझा चाकावरचा पाण्याचा टँकर ओढ, उन्हाळाभर रोज काम देतो." आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पाणी ओढायचं काम कधी संपत नाही, १९७२ पासून आपण बघतोय. आपाचे डोळे चमकले. भाचा मात्र नाही म्हणाला, आणि मी त्याच्या बाजूनं बोललो. ओढायचं काम ट्रॅक्टरचं. त्याची मागची चाकं मोठी आणि जड, गिअर खालचे, चाल सावकाश. ऊस हंगामात दोन-दोन ट्रॉल्या घेऊन तो कारखान्याच्या रस्त्याला लागतो तो त्या जोरावर. (त्या ट्रॉल्यांच्या मागं लाल रिफ्लेक्टर लावायला काही मालकांना अजून जड का जातं, कळत नाही. अंधारात येऊन धडकणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ट्रॉली दिसतच नाही.) पिकअप पाठीवर वाहायला केलेली आहे. मागचा चार टनांचा टँकर उतारावर तिलाच पुढं ढकलत नेईल, कारण थांबवायचे ब्रेक पुढच्या गाडीचेच. शिवाय ट्रॉली असो की टँकर, त्याची वेगळी नोंदणी लागते, तो नंबर त्या टँकरवर नव्हताच.

बंद पडलेली गाडी टोचन करून न्यायची वेळ मात्र कुणावरही येते. तेव्हा एवढं लक्षात ठेवा, मागच्या गाडीचं इंजिन बंद असेल तर तिचं पॅडल दगडासारखं घट्ट होतं आणि स्टिअरिंग जड होतं. दोरापेक्षा लोखंडी दांडा बरा, दोर ढिला पडून झटका देतो. आणि मागच्या गाडीत झोपाळू माणूस बसवू नका.

शेवटी गाडी घेतली. आपानं एक बांगडी मोडली, दुसरी ठेवली. उरलेल्याचा हप्ता. व्याजाबद्दल ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी गाडीच्या आरशाला तिनं स्वतः काळा दोरा बांधला.

पहिला माल भरायला मी बरोबर गेलो होतो. मोहोळच्या बाजूचं एक गाव, तीन घरांचा कांदा. हमालानं एकवीस पिशव्या चढवल्या. मी काट्याची चिठ्ठी आणि वही घेऊन हिशेब करत उभा. एक शेतकरी भाच्याला म्हणाला, "अजून चार पिशव्या हायेत. एवढी जागा रिकामी हाय की, बसत्याल." जागा खरंच होती. चार काय, दहा बसल्या असत्या. भाच्यानं माझ्याकडं बघितलं. मी वही बघून म्हणालो, "नव्वद किलो."

त्यानं एक पिशवी उचलून हौद्यात टाकली आणि फाळका लावला.